संगणकाचें दप्तर आणि वाचणाराचे डोळे

राज्यें जातात, दप्तरें राहतात. आणि दप्तर राहिलें म्हणजे तें वाचणारा कोणी ना कोणी पुढें उभा राहतोच. लिहिणारा आपल्या कामापुरतें लिहितो. वाचणारा मात्र भलत्याच काळीं, भलत्याच हेतूनें आणि बहुधा लिहिणारास कधींहि न भेटतां वाचूं लागतो. या दोघांची गांठ ज्या वस्तूनें घालून दिलेली असते ती वस्तु म्हणजे नोंदीचा नमुना. कोणती बाब आधीं लिहावी व कोणती मागून. एक बाब कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते. रिकाम्या जागेचा अर्थ काय. रद्द केलेलें कसें दाखवावें, हें सर्व नमुना ठरवितो. तो चांगला असला म्हणजे कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, आणि वाईट असला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोकांस छळतो. अशा या दुर्लक्षित वस्तूस गेल्या सव्वाशें वर्षांत यंत्रांच्या संगतीनें जें वळण लागलें, त्याचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा असा आमचा हेतु आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा आहे असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. प्रत्येक नमुन्याशीं पूर्वी दोन पक्षांचा संबंध असे, लिहिणाराचा व वाचणाराचा. आतां यंत्र हा तिसरा पक्ष त्यांत सामील झाला आहे. तिघांच्या सोयी भिन्न, आणि एकाची सोय झाली म्हणजे बहुधा दुसऱ्याची गैरसोय ठरलेलीच. आमच्या मतें या विषयांतील बरेचसे घोटाळे एकाच चुकींतून निघाले आहेत. ती चूक म्हणजे लिहिणाराच्या सोयीलाच वाचणाराची सोय समजणें. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हें एक सूत्र ध्यानांत ठेवावें.

प्रथम आपल्याच जुन्या दप्तराकडे पाहूं. मराठी राज्यांतील पत्रांत मजकूर संपला कीं त्याखालीं ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ अशा अक्षरांचा लहानसा शिक्का उठवीत. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील मर्यादामुद्रेचें कामहि हेंच. या सीमेपुढें कोणी अक्षर घातलें तर तें मागाहून घुसडलेलें आहे हें वाचणारास तत्काळ कळे. सावकारी हुंडींत रक्कम आंकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि एवढ्यानेंहि समाधान न मानतां तिची निमपट सांगून तिच्या दुपटीइतके रुपये असें पुन्हां बजावीत. म्हणजे एका आंकड्यास तीन साक्षी. पत्राच्या मितींत चंद्राचा दिवस ‘छ’ या अक्षरापुढें देत आणि शुहूर सनाचें वर्ष अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. हे सर्व संकेत लिहिणाराचें काम वाढविणारे होते. वाचणारास संशय राहूं नये म्हणून लिहिणारानें सोसलेला तो त्रास होता.

परंतु त्याच दप्तराची लिपि, मोडी, ही मात्र लिहिणाराच्या सोयीची होती. आधीं कागदभर आडवी शिरोरेघ ओढून घ्यावी आणि मग शक्य तों हात न उचलतां अक्षरास अक्षर जोडीत जावें. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ह्रस्वदीर्घाचा भेद नाहीं. कारकुनाचा हात वाऱ्यासारखा चाले, आणि शेजारच्या कारकुनास तें वाचतांहि येई. कारण कागदावर नसलेला संदर्भ त्याच्या डोक्यांत होता. तो संदर्भ नाहींसा झाला म्हणजे काय होतें हें आपल्या इतिहाससंशोधकांस विचारावें. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून निघाले. इतके श्रम होऊनहि पुण्याच्या दप्तरांतील रुमालांचा फार मोठा भाग अद्याप वाचकाची वाट पाहत पडला आहे. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. खुंटली ती वाचणारांची परंपरा.

यंत्र हा तिसरा पक्ष या व्यवहारांत शिरला तो अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीच्या वेळीं. हर्मन हॉलरिथ यानें तयार केलेल्या यंत्रांसाठीं प्रत्येक माणसाची माहिती एका जाड कार्डावर भोकें पाडून नोंदवीत. १९२८ मध्यें आयबीएम कंपनीनें ८० रकान्यांचें कार्ड काढलें आणि पुढें कित्येक दशकें जगाचा हिशेब त्या ८० रकान्यांत मावत राहिला. भोकें यंत्रास झटकन कळत; सामान्य माणसास तीं कळणें कठीण. म्हणून १९४९ च्या आयबीएमच्या ०२६ या भोकें पाडण्याच्या यंत्रांत अशी योजना होती कीं, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्या भोकांचा अर्थ अक्षरांतहि छापला जावा. एकाच कार्डावर यंत्राची लिपि व माणसाची लिपि शेजारीं शेजारीं आली. वाचणारास अगदींच वगळून चालत नाहीं, ही गोष्ट यंत्र बनविणारांच्या इतक्या लौकर ध्यानांत आली होती.

पण जागेची टंचाई मोठी वाईट. ८० रकान्यांत नांव, गांव, रक्कम आणि तारीख बसवावयाची असल्यामुळें वर्षाचे चार आंकडे लिहिणें चैनीचें वाटूं लागलें. ‘१९’ गाळावे आणि उरलेले दोन आंकडे लिहावे अशी वहिवाट पडली; कार्डें गेलीं, जागा स्वस्त झाली, तरी वहिवाट राहिली. शेवटीं २००० साल तोंडावर आलें तेव्हां ‘००’ म्हणजे १९०० कीं २००० हा प्रश्न बँका, विमा कंपन्या व सरकारी खातीं यांच्यापुढें उभा ठाकला, आणि जगभर जुन्या आज्ञावलींची तपासणी व दुरुस्ती करावी लागली. जो संदर्भ लिहिणाराच्या मनांत होता तो नमुन्यांत नव्हता. मोडीचीच ही गोष्ट. फक्त कारकुनाच्या जागीं यंत्र आलेलें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. तिच्या कर्त्यांनीं एक साधा पण दूरगामी निर्णय घेतला: यंत्राच्या कारभाराच्या नोंदीहि शक्य तेथें साध्या अक्षरांत, ओळीओळीनें ठेवावयाच्या. एका कार्यक्रमानें दुसऱ्याशीं बोलावयाचें तें साध्या मजकुरांतून, कारण मजकूर सर्वांसच समजतो, हें तत्त्व डग्लस मॅकिलरॉय यांनीं आग्रहानें मांडलें. त्या प्रणालींतील वापरकर्त्यांची यादी हें याचें उत्तम उदाहरण होय. एका माणसाची एक ओळ. ओळींत सात बाबी. दोन बाबींमध्यें अपूर्णविराम. कोणत्याहि साध्या संपादकांत ती उघडावी व वाचावी. या मोकळेपणानें यंत्राचें दप्तर प्रथमच सामान्य कारभाऱ्यापुढें उघडें झालें.

तरीहि या ओळींत एक उणीव होती. सात बाबी कोणत्या, हें ओळ सांगत नसे. तिसरा आंकडा कशाचा व चौथा कशाचा हें वाचणारानें पाठ केलेलें असावें लागे. ही उणीव टपालाच्या नमुन्यांत भरून निघाली. अर्पानेटवरील पत्रांचा नमुना डेव्हिड क्रॉकर यांनीं १९८२ मध्यें लिहून काढला. त्यांत प्रत्येक ओळीच्या आरंभीं बाबीचें नांव, मग अपूर्णविराम, मग मजकूर. कोणाकडून, कोणास, कोणत्या दिवशीं, कशाविषयीं, हें पत्र स्वतःच सांगूं लागलें. आजच्या विद्युत्‌टपालाच्या मुळाशीं हीच मांडणी आहे. जी बाब आपलें नांव आपल्याबरोबर बाळगते ती परक्या वाचकाच्या हातींहि निराधार होत नाहीं.

याच काळांत दुसरी एक गंमतीची व उद्बोधक गोष्ट घडली. १९७६ मध्यें स्टुअर्ट फेल्डमन यांनीं मेक नांवाचा एक उपयुक्त कार्यक्रम लिहिला. त्याच्या नमुन्यांत आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅब या चिन्हानेंच झाला पाहिजे असा नियम होता; तेथें साध्या कोऱ्या जागा दिल्या तर ओळ चुकीची. डोळ्यांस दोन्ही सारखेंच कोरें दिसतें. हा नियम गैरसोयीचा आहे हें फेल्डमन यांच्या लौकरच लक्षांत आलें. परंतु तोंवर सुमारें डझनभर लोक तो वापरूं लागले होते व त्यांचें काम बिघडूं नये म्हणून तो तसाच राहिला, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. त्या डझनभरांची सोय पाहिली गेली आणि नंतरच्या लाखों लोकांनीं न दिसणाऱ्या चिन्हापायीं डोळे ताणले. नमुना बदलण्याची वेळ तो लोकप्रिय होण्यापूर्वीं असते, हा धडा यांतून घ्यावयाचा.

आतां स्वल्पविरामाची कथा ऐका. एका ओळींतील बाबी स्वल्पविरामानें तोडण्याची पद्धत इतकी सोपी कीं ती कोणीं शिकवावी लागली नाहीं. १९७० च्या दशकापासून ती चालत आली, आणि तिचे नियम २००५ सालीं कोठें एका टिपणांत रीतसर लिहिले गेले. पण आपण एक लाख पंचवीस हजार ही रक्कम ‘१,२५,०००’ अशी लिहितों. ती या नमुन्यांत जशीच्या तशी घातली कीं एका रकमेचे तीन तुकडे होतात. युरोपांतील कित्येक देशांत अपूर्णांकासाठींच स्वल्पविराम वापरतात, म्हणून तेथें बाबी अर्धविरामानें तोडण्याचा प्रघात पडला. मग रक्कम अवतरणचिन्हांत घाला. अवतरणांतच अवतरणचिन्ह आलें तर तें दुहेरी करा. अशी डागडुजी सुरू झाली. जें चिन्ह मजकुरांत रोज येतें त्यालाच कुंपण केलें कीं असें व्हावयाचेंच.

याहून गंभीर दोष असा कीं, या नमुन्यांत बाब कोणत्या जातीची आहे हें सांगण्याची सोय नाहीं. शब्द, संख्या कीं तारीख, याचा वाचणाऱ्या कार्यक्रमानें अंदाज करावयाचा. मानवी जनुकांपैकीं एका गटाचीं संक्षिप्त नांवें ‘सेप्ट’ व पुढें आंकडा अशीं होतीं. कोष्टकें करणारा कार्यक्रम त्यांस सप्टेंबरच्या तारखा समजे व मुकाट्यानें बदलून टाकी. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, ज्या संशोधनलेखांस अशा कोष्टकांतून जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या त्यांपैकीं सुमारें पंचमांश लेखांत ही चूक शिरली होती. अखेर २०२० मध्यें नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनें जनुकांचींच नांवें बदलल्याचें जाहीर केलें. नमुन्याच्या एका मुग्धतेमुळें शास्त्रास आपले शब्द बदलावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सर्व कांहीं स्पष्ट सांगावें, अशी प्रतिक्रिया होणें यानंतर स्वाभाविकच होतें. आयबीएममध्यें १९६९ पासून चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांचे सहकारी मजकुरास खुणा जोडण्याच्या पद्धतीवर काम करीत होते. तींतून १९८६ मध्यें एसजीएमएल हें आंतरराष्ट्रीय मानक निघालें, आणि त्याचें सुटसुटीत रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजीं एक्सएमएल प्रसिद्ध झालें. त्याच्या कर्त्यांनीं दहा उद्दिष्टें आरंभींच नमूद केलीं. त्यांत दस्तऐवज माणसास वाचतां यावा व बऱ्यापैकीं स्पष्ट असावा हें एक, आणि आटोपशीरपणास फारसें महत्त्व देऊं नये हें शेवटचें. येथें प्रत्येक बाब नांवानें उघडते आणि त्याच नांवानें मिटते; म्हणजे प्रत्येक बाबीस तिची लेखनसीमा. चूक झाली तर कोठें झाली तें लगेच कळतें. पण दोन अक्षरांच्या मजकुराभोंवतीं वीस अक्षरांचा पहारा बसूं लागला, तेव्हां वाचणाराची दृष्टि पहारेकऱ्यांतच अडकूं लागली. सुवाच्यतेची प्रतिज्ञा करून निघालेला नमुना अतिस्पष्टतेनेंच दुर्वाच्य झाला.

२००१ मध्यें डग्लस क्रॉकफोर्ड यांनीं जेसॉन पुढें आणला. जावास्क्रिप्ट भाषेंत आधींच असलेल्या मांडणीचा मोजका भाग त्यांनीं निवडला: दोन प्रकारचे कंस, अपूर्णविराम व स्वल्पविराम मिळून सहा चिन्हें, आणि शब्द नेहमीं अवतरणांत. त्याचे सारे नियम एका लहानशा कागदावर मावतात, आणि त्याच्या प्रसाराचें मोठें कारण आम्हांस हेंच दिसतें. परंतु त्यांत टीप लिहिण्यास जागा नाहीं. ती सोय क्रॉकफोर्ड यांनीं बुद्ध्याच काढून टाकली. कारण लोक टिपांच्या मिषानें यंत्रास गुप्त सूचना देऊं लागले होते व त्यामुळें एकच फाईल दोन ठिकाणीं दोन अर्थांनीं वाचली जाण्याचें भय होतें. त्यांची भीति खरी होती. पण ‘हा आंकडा असा कां ठेवला’ हें पुढील माणसास सांगण्याचा मार्ग त्याबरोबरच बंद झाला, हेंहि तितकेंच खरें. दोन यंत्रांमधील निरोपास हा नमुना उत्तम. माणसानें हातानें सांभाळावयाच्या नोंदींस मात्र अपुरा, असा आमचा अभिप्राय आहे.

याच्या उलट टोकास त्याच वर्षीं यॅमल निघाला. कंस नकोत, अवतरणें बहुधा नकोत. ओळ किती आंत सरकली आहे यावरून कोण कोणाच्या पोटांत तें समजावें. पान पाहतांच मन प्रसन्न होतें. पण त्याच्या २००५ च्या नियमांप्रमाणें इंग्रजींतील ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे शब्द अवतरणांवांचून आले तर त्यांचा अर्थ होय किंवा नाहीं असा घेतला जाई. देशांच्या दोनअक्षरी संक्षेपांत नॉर्वेचा संक्षेप ‘नो’ याच दोन अक्षरांचा. म्हणून देशांची यादी लिहिणाराच्या हातून नॉर्वेचा ‘नकार’ होऊं लागला. ‘२२:२२’ ही वेळ साठाच्या पटींत मोजली जाऊन तिचे १३४२ होत. २००९ च्या सुधारित नियमांत हें वळण सोडून दिलें, तरी जुने वाचक-कार्यक्रम चालूच राहिले. येथें आमचें सूत्र पुन्हां प्रत्ययास येतें. चिन्हें गाळण्याची सवलत मिळाली ती लिहिणारास. गाळलेल्या चिन्हांचा अर्थ लावण्याचें ओझें पडलें तें वाचणारावर. दिसण्यांत सोपें आणि समजण्यांत निःसंशय हे दोन गुण वेगळे आहेत. हा भेद ओळखून टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं २०१३ मध्यें टॉमल हा नमुना सुरू केला. त्यांत टिपांस जागा आहे, शब्दास अवतरण अनिवार्य आहे, आणि तारखेस स्वतःची स्वतंत्र जात आहे.

येथें कोणी विचारील कीं, माणसानें हें मुळांत वाचावेंच कशाला? यंत्राच्या नोंदी यंत्राच्या भाषेंत असाव्या आणि पाहणारास त्या सुंदर पडद्यावर दाखविणारा कार्यक्रम असावा, म्हणजे झालें. हा आक्षेप पोकळ नाहीं. चित्रें, ध्वनि, उपग्रहांचीं मोजमापें अक्षरांत मांडणें हा शुद्ध अपव्यय होय. परंतु दाखविणारा कार्यक्रम टिकेल याची हमी कोण देणार? इंग्लंडांत विल्यम राजाच्या हुकुमानें १०८६ सालीं झालेल्या पाहणीचें डूम्सडे नांवाचें दप्तर चामड्याच्या पानांवर आहे व तज्ज्ञ तें आजहि वाचतात. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्यें बीबीसीनें नवी पाहणी करून ती प्रकाश-तबकड्यांवर साठविली. आणि अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं मजकूर सोडविण्यास खास प्रयत्न करावे लागले. नऊ शतकें व दीड दशक, हा हिशेब पुरेसा बोलका आहे. सबब जेथें यंत्राचीच भाषा वापरणें भाग असेल तेथें निदान त्या भाषेचा खुलासा तरी उघडा व लेखी असावा.

मराठी वाचकांस याचा अनुभव नवा नाहीं. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ मध्यें स्थान मिळालें. तरी पुढें बरींच वर्षें आपल्याकडील छपाईचें काम निरनिराळ्या टंकांच्या खासगी संकेतांवर चाललें. त्या संकेतांत अक्षराची ओळख साठविलेली नसून केवळ त्याच्या आकाराचा क्रमांक साठविलेला असे. तो टंक हाताशीं नसला कीं मराठी ग्रंथाच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक केर दिसे. कितीएक लेखकांचें लेखन अशा फाईलींत अडकून पडलें. मोडीचे रुमाल निदान डोळ्यांस दिसतात. या फाईली तेवढ्याहि दिसत नाहींत.

आणि ज्या नोंदीवर माणसाचें पोट अवलंबून आहे तिचें काय? गांव नमुना ७ व गांव नमुना १२ मिळून होणारा सातबाराचा उतारा हा महाराष्ट्रांतील शेतकऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद. जमीन कोणाच्या नांवें, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, पीक कोणतें, हें त्यावर असतें. हस्तलिखित उताऱ्यावर वर्तुळांतील आंकडा म्हणजे फेरफाराचा क्रमांक, आणि कंसांत घातलेलें नांव म्हणजे कमी केलेलें नांव, हे संकेत तलाठ्यास पाठ. पण कंसांत आपल्या बापाचें नांव पाहणाऱ्या अडाणी वारसास त्याचा अर्थ कोणी सांगावा? आतां हे उतारे संगणकावर आले आहेत व घरबसल्या मिळतात, ही सुधारणा निःसंशय मोठी. तथापि पडद्यामागील नोंद ज्या नमुन्यांत असेल त्याच्या बाबींचीं नांवेंहि मराठींत ठेवण्यास आज यंत्राची कोणतीच हरकत नाहीं. एक्सएमएल काय किंवा जेसॉन काय, दोहोंतहि देवनागरी नांवें चालतात. अडचण असेल तर ती आपल्या सवयीची.

सारांश, या सव्वाशें वर्षांच्या हकीकतींतून आम्हांस चार गोष्टी निष्पन्न होतांना दिसतात. प्रत्येक बाबीनें आपलें नांव आपल्याजवळ बाळगावें. तिचा आरंभ व अंत डोळ्यांस दिसावा. जेथें अंदाज करावा लागेल तेथें लिहिणारानेंच स्पष्ट सांगावें, वाचणारावर सोपवूं नये. आणि नियम इतके थोडे असावे कीं ते एका बैठकींत शिकतां यावे. यांपैकीं एकहि गोष्ट नवी नाहीं. हुंडी लिहिणारा सावकार आणि लेखनसीमेचा शिक्का उठविणारा चिटणीस या दोघांस त्या ठाऊक होत्या. समोरचा कागद आपल्यामागें कोणी तरी वाचणार आहे, आणि त्या वेळीं खुलासा करण्यास आपण तेथें नसूं, एवढी जाणीव त्यांस होती. नवे नमुने रचणाऱ्या तरुण यंत्रज्ञांनीं ती जाणीव बाळगली, तर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकास आजचें दप्तर नुसतें सांपडून राहणार नाहीं, वाचतांहि येईल.